अनेरच्या दोन्ही काठांचा गोटा

आधीच सांगतो, मला शेंदूर लावू नका. दगड बोलायला लागला की माणसं पहिल्यांदा नारळ शोधतात. मी देव नाही, आजवर कुणाला पावलेलो नाही आणि यापुढेही तसा विचार नाही. मी एक गोटा आहे. कवठाएवढा, काळा, आणि छातीवरून तिरपा पांढरा पट्टा. साहेबाच्या कचेरीत शिपाई असाच पट्टा घालून उभे असायचे, म्हणून बायकांनी माझं नाव पट्टेवाला ठेवलं. मला ते आवडतं. गावातल्या निम्म्या माणसांना माझ्याइतकं चांगलं नाव नाही.

माझं काम फेकलं जाण्याचं. शंभरावर वेळा मी अनेर नदी ओलांडली आहे आणि तीही हवेतून, अंग न भिजवता.

अनेर सातपुड्यातून उतरते आणि खाली तापीला मिळते. तिच्या पश्चिम काठावर चिंचपाडे आणि पूर्व काठावर बोरमळी. चिंचपाडे धुळे जिल्ह्यात, बोरमळी जळगाव जिल्ह्यात. पण जिल्हे मागाहून आले. गावं आधीपासून समोरासमोर बसलेली आहेत, इतकी समोर की चिंचपाड्यात मिरचीची फोडणी पडली की बोरमळीत ठसका लागतो. लेकीही इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. बाकीच्या मुलखात लेकी दिवाळीला माहेरी येतात, खान्देशात आखाजीला. निंबाला झोके टांगतात, घराघरांत सांजोऱ्या तळतात, पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटत बसतात आणि बायका गौराई बोळवायला नदीवर येतात. गौराईला डोळ्यांत पाणी आणून निरोप देतात. मग पदर खोचतात आणि समोरच्या काठावरच्या बायकांना शिव्या द्यायला लागतात. सोबतीला गोटे.

पाहुण्याला हे दंगल वाटतं. तसं नाही. याला नियम आहेत, कुठे लिहिलेले नाहीत म्हणूनच पाळले जातात. गोटा अंगावर मारायचा नाही, पाण्यात किंवा वाळूत पाडायचा. मेलेल्या माणसाचं नाव शिवीत आणायचं नाही. त्या वेळी गोड बोलायचं नाही. चुकून कुणी पलीकडचीला 'बरी आहेस ना' विचारलं तर अपशकुन धरतात. आणि सगळ्यांत शेवटी मला फेकायचं. मी पलीकडे पडलो की भांडण संपलं, बायका घरी जाऊन आमरस खातात. वर्षभर मी त्या गावात राहतो आणि पुढच्या आखाजीला परत इकडे फेकला जातो.

मला पहिल्यांदा उचललं धुरपताबाईनं. राणीचं राज्य होतं तेव्हा. मी एका पुरात डोंगरातून वाहत आलो होतो आणि चिंचपाड्याच्या वाळूत आरामात पडलो होतो. धुरपता चिंचपाड्याची लेक, बोरमळीची सून. वर्षभर सासूपुढे तिनं तोंडातून 'हूं' शिवाय काही काढलेलं नव्हतं. त्या दिवशी समोरच्या काठावर सासू दिसली आणि वर्षाचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. हाताला लागलो मी. मी थेट सासूच्या सांजोऱ्यांच्या टोपलीत जाऊन पडलो. सासू म्हातारी पण कडक. पुढच्या वर्षी तिनं मलाच जपून ठेवून परत फेकलं. दोघींचं त्यानंतर घरात बरं जमायचं म्हणतात.

मग इंग्रजाला खानदेश फार मोठा वाटायला लागला. त्यानं त्याचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम, आणि आमच्या बाजूला रेघ मारायला त्याला नदी आयतीच सापडली. एका सहीनं मी परजिल्ह्यात जाणारा गोटा झालो. मला कुणी विचारलं नाही. तशी ती पद्धतच नव्हती.

थोड्या वर्षांनी एक गोरा साहेब आखाजीच्या दिवशीच आंब्याखाली तंबू ठोकून बसला होता. नदीवरचा आरडाओरडा ऐकून त्याला बंडाचा वास आला. त्यानं चिंचपाड्याच्या पाटलाला, धनसिंगला बोलावलं.

"या बायका कशावरून भांडतात?"

"कसावरथीन बी नही, साहेब," धनसिंग म्हणाला. "सन शे, आखाजीना."

"मग थांबव त्यांना."

"थांबाडा ते खरं भांडन व्हई, साहेब."

साहेबाला हे उत्तर उद्धट वाटलं. त्यानं शिपाई पाठवले. बायका शिपायांना भ्याल्या नाहीत, पण शिपाई बायकांना भ्याले, म्हणून बायकांच्या ऐवजी गोटे पकडले गेले. एकशे बारा गोटे जप्त झाले. कारकुनानं प्रत्येकाचा आकार, रंग लिहून घेतला. मी मुद्देमाल नंबर त्रेसष्ट. माझ्या पट्ट्याकडे बघून त्यानं शेरा मारला, 'टोळीचा म्होरक्या असावा'. खरं सांगतो, मला थोडा अभिमान वाटला.

खटला उभा राहिला आणि तिथेच बसला. आरोपी म्हणून ज्या एकशे चाळीस बायकांची नावं घेतली, त्या सगळ्यांनी आपलं नाव 'गौराई' सांगितलं. आणि गुन्हा घडला कुठे? गोटा पश्चिम खानदेशातून फेकला, पूर्व खानदेशात पडला, मधल्या वेळात हवेत होता. हवा कोणत्या जिल्ह्यात धरायची याचा हुकूम कुणाकडे नव्हता. कागद इकडून तिकडे जायचे आणि तिकडून इकडे यायचे. मी करायचो तेच काम कागद करत होते, फक्त फार हळू.

अकरा वर्षं मी एका लाकडी पेटीत गळ्यात चिठ्ठी बांधून पडलो होतो. शेवटी निकाल लागला. दगड जिथून आले तिथे, पण कोणत्याही जिल्ह्याची हरकत येणार नाही अशा जागी टाकावेत. बेलीफ टेप घेऊन आला, नदीचं पात्र मोजलं आणि बरोबर मधोमध आम्हाला बुडवलं. चार वर्षं माझ्या अंगावर शेवाळ होतं. मासे येऊन मला ढुसण्या द्यायचे आणि ते काही सणाचे नियम पाळत नव्हते. पुढे एका दुष्काळी उन्हाळ्यात पाणी आटलं, गोधड्या धुणाऱ्या एका बाईला माझी ठेच लागली, तिनं मला एक अस्सल शिवी दिली आणि मी घरी आलो.

स्वराज्याच्या चळवळीत एक खादीवाले भाऊ आले होते. माणूस चांगला. त्यांनी दोन्ही काठांवर जाऊन समजावलं, "मायबहिणींनो, एकमेकींना शिव्या कशाला देता? इंग्रजाला द्या." बायकांना पटलं. त्या आखाजीला दोन्ही काठ एक झाले आणि सगळ्यांनी मिळून इंग्रजाला शिव्या घातल्या. पाव तासात आवाज बसले आणि सगळ्या गप्प झाल्या. भाऊंनी विचारलं काय झालं. बोरमळीची एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आम्ही घसा फोडा, पन तठून कोनी उत्तर देस नही. एकलीनी शिवी म्हंजे खोकला." पुढच्या वर्षी पुन्हा जुनी पद्धत सुरू झाली. इंग्रज नंतर गेलाच. त्याचं श्रेय मी घेत नाही.

आता माझ्या आयुष्यातल्या दोन मुख्य बायका. त्यांच्यासाठीच हे सगळं सांगायला बसलो.

एकोणीसशे एकोणसत्तर साली एकाच मांडवात दोन लग्नं लागली. साटंलोटं. चिंचपाड्याच्या पितांबरची बहीण सुगंधा बोरमळीच्या प्रेमराजला दिली, आणि प्रेमराजची बहीण कमल पितांबरला. म्हणजे सुगंधाबाई बोरमळीत आली, कमलबाई चिंचपाड्यात गेली. दोघी एकमेकींची नणंदही आणि भावजयही. पुढे सुगंधाबाईचा मुलगा कुंदन मोठा झाला तेव्हा कमलबाईला मामी म्हणायचं की आत्या, हे त्याला पन्नाशीपर्यंत ठरवता आलं नाही. तो 'मामीआत्या' म्हणतो.

आखाजीला दोघी माहेरी जायच्या. सुगंधाबाई बोरमळीहून चिंचपाड्याला, कमलबाई चिंचपाड्याहून बोरमळीला. नदीच्या मधोमध वाळूत त्यांची गाठ पडायची. दोघी एकमेकींकडे न बघता निघून जायच्या, कारण तासाभरात भांडायचं असायचं. मग समोरासमोर काठांवर उभ्या. गंमत अशी की सुगंधाबाई मला चिंचपाड्यातून फेकायची ती बोरमळीत, म्हणजे स्वतःच्या सासरी. सण उरकून घरी परतली की मी तिच्याच ओट्यावर. पुढच्या वर्षी कमलबाई मला बोरमळीतून फेकायची ती चिंचपाड्यात, स्वतःच्या घरी. म्हणजे जिनं फेकलं तिच्याच घरी मी वर्षभर. एवढा खटाटोप कशासाठी, असं मी पहिल्या दोन-चार वर्षांत मनात म्हणायचो. नंतर सोडून दिलं.

वर्षभर या दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं वागायच्या की बघणाऱ्याला कंटाळा यावा. "वहिनी, चहा ल्या ना." "नको वहिनी, आत्तेच पिनू." लग्नकार्यात एकमेकींच्या ताटात जास्तीची पुरी. खरं काय ते फक्त आखाजीला. सासऱ्याचा जाच, नवऱ्याचं चोरून विडी ओढणं, आटलेलं दूध, पोराला न मिळालेली नोकरी, हे सगळं त्या शिव्यांमधून पलीकडे पोचायचं.

बहात्तरच्या दुष्काळाचं तर मी स्वतः पाहिलं. नदीत वाळूच वाळू. चिंचपाड्याच्या घरांत दाणा नव्हता. बोरमळीजवळ खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं आणि मजुरीत लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळत होती, पण चिंचपाड्याची पाटीलकी मिशीला पीळ देऊन घरात बसलेली. कमलबाई विशीचीही नव्हती. सासऱ्यापुढे डोकं वर करायची सोय नाही, तर 'मामंजी, खडी फोडायला चला' हे ती म्हणणार कशी? आखाजीला ती बोरमळीच्या काठावर उभी राहिली आणि ओरडली, "ओ चिंचपाडानी मानसं! पोट खपाटीले लागनं तरी मिशीले पीळ देतस! आठे, बोरमळीले, खडीवर रोज दाना भेटस. मरा उपाशी, पन येऊ नका!"

दुसऱ्या दिवशी तिचा सासरा सगळ्यांत पुढे हातोडी घेऊन नदी ओलांडत होता. माझी मात्र त्या वर्षी भीतीनं गाळण उडाली होती, कारण त्या कामावर माझ्यासारख्यांचेच तुकडे होत होते. कमलबाईनं मला धान्याच्या रिकाम्या कणगीत लपवलं. तिथे दोन महिने माझ्याशिवाय काही नव्हतं.

अशी पन्नासेक वर्षं गेली. गावांत वीज आली, टीव्ही आला, केळीला ठिबक आलं. कुणी एकानं आमच्या सणाचं 'पुष्पवृष्टी' करून पाहिलं. झेंडू फेकले, ते आठ हातांवर पाण्यात पडले आणि म्हशींनी खाल्ले.

मग खाली बंधारा झाला. पाणी तुंबलं आणि पूर्वी ऐंशी फुटांचं पात्र तीनशे फुटांचं होऊन बसलं. केळीला बरं झालं, मला वाईट झालं. शेवटची फेक कमलबाईची होती. तेव्हा पाणी अजून चढलं नव्हतं. मी चिंचपाड्यात पडलो, म्हणजे आता पाळी सुगंधाबाईची. पुढच्या आखाजीला ती काठावर आली आणि समोर बघतच राहिली. पलीकडची कमलबाई बोटाएवढी दिसत होती. सुगंधाबाईनं हाका मारल्या, शिव्या दिल्या, पण वारा सगळं पाण्यावरच सांडत होता. मला फेकायची हिंमत झाली नाही तिला. बुडालो तर पुन्हा बेलीफ येणार नव्हता.

कुंदनची बायको ममता शिकलेली. माहेर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं, नोकरी चोपड्याच्या शाळेत. तिनं दोन्ही गावच्या बायकांचा व्हाट्सअॅप ग्रुप काढला, 'अनेरची आखाजी'. म्हणाली, इथे द्या शिव्या. एका तासात दोनशे चौदा मेसेज आले. त्यातला एक, कुणाच्या तरी वांग्याच्या भरताला कुत्रंही तोंड लावणार नाही असा, त्या बाईनं गंमत म्हणून सुरतेला नवऱ्याला पुढे पाठवला आणि त्याला तो खराच वाटला. तो गाडी काढून आला. तक्रार झाली. फौजदारानं डोकं धरलं: पाठवणारी जळगाव जिल्ह्यात, वाचणारी धुळे जिल्ह्यात, आणि मधला मेसेज हवेत. मला कणगीमागे बसून हसू आवरेना.

कमलबाई तेव्हाच म्हणाली होती, "फोनवर शिवी दिधी ते भांडन व्हस. नदीवरथीन दिधी ते सन व्हस." पण ऐकतं कोण? दोन्ही गावचे पुरुष पारावरचे पत्ते खाली ठेवून पहिल्यांदाच या प्रकरणात पडले. स्टँपपेपर आणला. दोन्ही गावांच्या स्त्रिया यापुढे एकमेकींशी सभ्य भाषेतच बोलतील, असं लिहून पितांबर आणि प्रेमराज दोघांनी सह्या केल्या. बायकांची सही कुणी घेतली नाही.

तीन आखाज्या गोडीत गेल्या. बायका नदीवर आल्या, गौराई बोळवली, एकमेकींकडे लांबून हात हलवले आणि घरी गेल्या. मला तर ते पाहवेना. गोड बोलून बोलून दोन्ही गावांत अबोला धरायची वेळ आली. कुणाच्या पोटात काय आहे हे कुणालाच कळेना. सुगंधाबाईची पाळी माझ्यावर तशीच राहिली, आणि ती दरवर्षी चिंचपाड्याला आली की मला हातात घेऊन वजन बघायची आणि परत ठेवायची.

मागच्या पौषात सुगंधाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. जळगावच्या एका इस्पितळात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी कुंदनला सांगितलं, "त्यांना सगळं समजतंय, पण शब्द बाहेर येत नाहीत. बोलत राहा त्यांच्याशी."

सोळा दिवस सगळे बोलत राहिले. "आई, कसं वाटतंय?" "अक्का, लवकर बरी व्हशी." "जिजी, सगळं छान होईल." सुगंधाबाई नुसती छताकडे बघायची आणि डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. कुंदन बाहेर जिन्यावर जाऊन रडायचा. पुन्हा कधी आईचा आवाज ऐकू येणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. ममता म्हणाली, त्यांच्या डोळ्यांत आता बघवत नाही, विझत चालल्यात.

सतराव्या दिवशी कमलबाईनं मला कापडी पिशवीत घातलं आणि एसटीत बसली. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं आणि पिशवीला हात लागला तसा विचारलं, "आजी, काय शे एवढं जड?"

"गोटा."

"कसाले?"

"ननंदले मारासाठे."

कंडक्टरनं मुकाट्यानं तिला ड्रायव्हरच्या मागची जागा दिली आणि जळगावपर्यंत तिच्यावर नजर ठेवली.

वॉर्डात बायापुरुषांच्या मिळून बारा खाटा होत्या, सहा इकडे आणि सहा तिकडे, मध्ये जायची वाट. सुगंधाबाई खिडकीकडच्या रांगेत. कमलबाई आधी रीतीप्रमाणे जवळ बसली. तिचा हात हातात घेतला. "वहिनी," म्हणाली, "मी ऊनू." सुगंधाबाईच्या तोंडाची उजवी बाजू लोंबत होती. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा डोळ्यातून पाणी.

मी पिशवीत, तिच्या मांडीवर. मग ती उठली. मधली वाट ओलांडून समोरच्या रांगेपलीकडे, पार भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं पदर खोचला. मला कळलं. मी पट्ट्यासकट ताठ झालो.

"ओ सुगंधे!" कमलबाई ओरडली. बाराच्या बारा खाटा हलल्या. "सटवे! पडी काय ऱ्हायनी? चार वरीस व्हयनात, गोटा मन्हा घरमा पडेल शे! हात मोडना का तुन्हा?"

कुंदनच्या हातातून डबा पडला. "मामीआत्या! काय बोलताय!" नर्स धावत आली. ज्या हातात जीव नाही त्याच हाताचं नाव घेतलेलं. पण आखाजीचा तोही एक नियम आहे, जिथे दुखतं तिथेच शिवी द्यायची, बाकी ठिकाणी दिली तर ती नुसती चेष्टा.

कमलबाईनं नर्सला हातानं बाजूला केलं. "तुन्ह्या बट्ट्या कच्च्या ऱ्हावोत! तुन्हा वरनले फोडनी ना बसो! पन्नास वरीस मी तुन्हं कडू भरीत गोड मानीसन खादं, भवाने, आते तू मन्हासंगे बोलत नही व्हय?"

सुगंधाबाईनं मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं छत सोडलं. ओठ हलले, एकदा, दोनदा. घशात काहीतरी खरखरलं. आणि मग एका दमात, सबंध, स्वच्छ, नदी ओलांडणाऱ्या आवाजात:

"तुन्ही जीभ झडो, कमले!"

ममता ओक्साबोक्शी रडायला लागली. कमलबाई भिंतीला टेकून हसत होती आणि रडत होती आणि वर म्हणत होती, "आखो! आखो दे!" आणि सुगंधाबाईनं आणखी दिल्या. तीन वर्षांच्या साचलेल्या. मला सांगायला लाज वाटत नाही, मी एक दगड आहे, पण त्या दिवशी माझ्या आत काहीतरी ओलं झालं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कधी कधी असं होतं, साधं बोलणं बुजतं पण गाणी, पाढे, शिव्या वेगळ्या वाटेनं येतात. ही वाट रोज चालती ठेवा. कमलबाई म्हणाली, असं तोंडी नको, कागदावर द्या, गावात स्टँपपेपर आडवा येतो. डॉक्टरीणबाई हसल्या आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं: शिव्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. ती चिठ्ठी आज बोरमळीच्या पंचायतीत त्या कराराशेजारी खिळ्याला लावलेली आहे. पितांबर आणि प्रेमराज तिच्याकडे न बघता जातात.

अडचण ममताची झाली. कमलबाई रोज कुठे येणार, म्हणजे डोस सुनेनंच द्यायचा. ममतानं घसा साफ केला, हात जोडले आणि म्हणाली, "आई, तुमचं… तुमचं भरीत कडू होवो, माफ करा." सुगंधाबाईनं कपाळावर डावा हात मारला. आता ममता बरीच सुधारली आहे. पण 'तुम्ही' सोडायला तयार नाही.

आणि माझी पाळी? ती त्याच दिवशी वॉर्डात झाली. कमलबाईनं मला सुगंधाबाईच्या डाव्या हातात ठेवलं आणि समोर जाऊन उभी राहिली. डाव्या हातानं तिनं जन्मात काही फेकलं नव्हतं. मी तिरका गेलो आणि समोरच्या खाटेवर पाय मोडून पडलेल्या, साक्रीकडच्या वना नावाच्या माणसाच्या प्लास्टरवर आदळलो. तो झोपेतून दचकून उठला आणि त्यानं सुगंधाबाईला त्याच्या मुलखातली शिवी हाणली. सुगंधाबाईनं लगेच उत्तर दिलं, शिवीशिवाय, साध्या तीन शब्दांत: "मुद्दाम नही मारा." सोळा दिवसांनंतरचं तिचं पहिलं साधं वाक्य ते. ती फेक मात्र दोन्ही गावांनी मोजली नाही, कारण मी कोणत्याच काठावर पडलो नव्हतो.

म्हणून सध्या मी बोरमळीत सुगंधाबाईच्या ओट्यावर आहे, सरावासाठी. येत्या आखाजीला दोन होड्या ठरल्या आहेत. एकीत कमलबाई, एकीत सुगंधाबाई, आणि मध्ये दोरीनं मोजून ऐंशी फूट पाणी. रोज उन्हं उतरली की ती काठी टेकत बाहेर येते, मला डाव्या हातात घेते आणि गल्लीत फेकते. काल मी दुधाच्या कॅनवर आदळलो, परवा एका मोटरसायकलच्या दिव्यावर. नेम अजून नाही. पण परवापेक्षा काल चार हात जास्त गेलो.

तुम्ही कधी त्या गल्लीतून किंवा अनेरच्या पुलावरून गेलात आणि अचानक कुठूनतरी एक पट्टेवाला गोटा येऊन लागला, तर रागावू नका. कुणीतरी बरं होतंय, एवढं समजा, आणि जाता जाता एक शिवी देऊन जा.